आवडत्या खुर्चीत किती वेळ बसता येतं? ओस्वेस्ट्री प्रश्नावलीचं एक परीक्षण

फिजिओथेरपीतल्या संशोधनाची सिनॉप्सिस लिहायला बसलं की ‘आऊटकम मेजर’ या मथळ्याखाली काय लिहायचं हा प्रश्न पाच मिनिटांत सुटतो. कंबर असेल तर व्हीएएस आणि ओस्वेस्ट्री, गुडघा असेल तर वोमॅक, खांदा असेल तर स्पाडी, मान असेल तर एनडीआय. सीनियरच्या थिसिसमध्ये तेच असतं, गाईडनाही ते चालतं, एथिक्स कमिटीही त्यावर काही विचारत नाही. मीही तसंच केलं होतं. म्हणून या वेळी एखाद्या शोधनिबंधाचं नाही, तर या यादीतल्या एका फॉर्मचं परीक्षण करायचं ठरवलं आहे. कारण आपण सगळे उपचाराबद्दल वाद घालतो, पण उपचाराने ‘हालचाल परत आली’ हे ज्या कागदावरून ठरवतो तो कागद क्वचितच कुणी नीट वाचतो.

आधी एक प्रसंग सांगते. कांदिवली पूर्वेला एका दवाखान्यात मी रुग्णांचं मूल्यमापन करत होते. एक मावशी आल्या. दामूनगरला राहतात, ठाकूर व्हिलेजमधल्या चार-पाच घरी केर-लादी आणि भांडी करतात. तीन-चार महिने कंबर धरलेली. कुणीतरी एमआरआय काढायला लावला होता आणि ‘मणक्यात गॅप आहे, खाली वाकायचं नाही’ असं सांगितलं होतं. मी ओस्वेस्ट्री भरून घेतली. त्यात दहा विभाग असतात. लैंगिक जीवनाचा विभाग त्यांनी रिकामा सोडला, बाकी नऊ विभागांत मिळून २१ गुण. ४५ पैकी २१ म्हणजे ४७ टक्के. फॉर्मच्या भाषेत ‘तीव्र अक्षमता’.

सहा आठवडे व्यायाम झाले, समजावून सांगणं झालं. परत फॉर्म भरला, ४५ पैकी १३. म्हणजे २९ टक्के, ‘मध्यम अक्षमता’. तब्बल १८ अंकांची घट. या प्रश्नावलीत साधारण १० अंकांचा फरक रुग्णाच्या दृष्टीने अर्थपूर्ण मानतात, त्यामुळे मी खूश. मी म्हटलं, “मावशी, आता बरं आहे ना?”

“दुखणं कमी आहे मॅडम, खोटं कशाला बोलू. पण लादी नाय पुसता येत. खाली बसलं की उठवत नाय. दोन घरं सुटली.”

माझ्या एक्सेल शीटमध्ये त्या ‘सुधारणा झालेल्या’ रुग्ण होत्या. त्यांच्या महिन्याच्या हिशोबात दोन घरांचे पैसे कमी झाले होते. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मग फॉर्मने नेमकं मोजलं काय?

फॉर्म कुठून आला

ओस्वेस्ट्री हे इंग्लंडमधल्या श्रॉपशायर परगण्यातलं, वेल्सच्या सीमेजवळचं एक छोटं गाव. तिथल्या अस्थिरोग रुग्णालयात जुनाट कंबरदुखीचे जे रुग्ण यायचे, त्यांच्याशी बोलून ही प्रश्नावली तयार झाली. काम १९७६ च्या सुमारास सुरू झालं आणि १९८० साली फेअरबँक आणि सहकाऱ्यांनी ती ‘फिजिओथेरपी’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. वेदनेची तीव्रता, स्वतःची कामं, वजन उचलणं, चालणं, बसणं, उभं राहणं, झोप, लैंगिक जीवन, सामाजिक जीवन आणि प्रवास असे दहा विभाग. प्रत्येकात सहा वाक्यं, ० ते ५ गुण. एकूण ५० पैकी जे येतील त्याची टक्केवारी. एखादा विभाग सुटला तर ५० ऐवजी ४५ ने भागायचं.

हिचे गुण आधी मान्य करू. पाच-सात मिनिटांत भरून होते. यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत. चार दशकांचं संशोधन हिच्यावर उभं आहे, त्यामुळे कांदिवलीतला निकाल कोपनहेगनच्या निकालाशेजारी ठेवता येतो. मानेची एनडीआय हिच्यावरूनच बेतली आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, एक्स-रेत काय दिसतं यापेक्षा माणसाला काय करता येतं हे विचारायची सवय हिने आपल्या शाखेला लावली. हे छोटं काम नव्हे.

त्यामुळे ‘ओस्वेस्ट्री वाईट आहे’ असं माझं म्हणणं नाही. ती एका विशिष्ट घरातल्या, विशिष्ट दिवसाच्या हालचाली विचारते, आणि ते घर आपलंच आहे असं आपण न तपासता धरून चालतो, हे माझं म्हणणं आहे.

कांदिवलीत बसून वाचलं तर

बसण्याचा विभाग घ्या. तिथे सुरुवातीच्या पर्यायांमध्ये कुठल्याही खुर्चीत हवा तितका वेळ बसणं येतं, मग आपल्या आवडत्या खुर्चीत बसणं. आता दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या माणसाची ‘आवडती खुर्ची’ कोणती? मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं, पाटावर बसणं, जमिनीवर टेकून उठणं, यातलं काहीच तिथे नाही. पूर्ण प्रश्नावलीत जमीन येते ती वजन उचलण्याच्या विभागात, तीही वजन ठेवायची जागा म्हणून. माणसाची बसायची जागा म्हणून ती कुठेच नाही.

प्रवासाचा विभाग तर खास आपल्यासाठी मजेशीर आहे. दोन तासांपेक्षा जास्त प्रवास जमतो का, तासाभराच्या आतलाच जमतो का, अर्ध्या तासाचाच जमतो का, अशी उतरंड आहे. यामागे गृहीत काय आहे? प्रवास म्हणजे बसून राहणं, आणि जितका वेळ जास्त तितका त्रास जास्त. कांदिवलीहून चर्चगेटला स्लो लोकलने साधारण तासभर लागतो. पण सकाळी साडेआठला कंबरदुखीच्या माणसाचा प्रश्न तो तास नसतो. जिना चढून पुलावरून प्लॅटफॉर्मवर उतरणं, गाडी थांबता थांबता मागून येणारा रेटा सहन करणं, एक हात वर कडीला लावून वळणावर तोल सांभाळणं आणि आपलं स्टेशन यायच्या आधी दाराकडे सरकणं, हा प्रश्न असतो. एकदा खिडकी मिळाली की तो माणूस विरारपर्यंत जाईल. अशा माणसाने कोणत्या वाक्यावर खूण करायची? तो काहीतरी करतो, कारण फॉर्म पूर्ण करायचा असतो. आपण तो अंक घेतो आणि दशांशापर्यंत सरासरी काढतो.

लैंगिक जीवनाचा विभाग. पडद्याच्या पलीकडे पुढचा रुग्ण, शेजारी सासूबाई, समोर पंचविशीतली इंटर्न. विभाग रिकामा राहणारच. ४५ ने भागायची सोय आहे, पण ती सोय योगायोगाने सुटलेल्या उत्तरासाठी ठीक असते. इथे उत्तर योगायोगाने सुटत नाही. संख्याशास्त्राच्या भाषेत ही ‘मिसिंग कम्प्लीटली ॲट रँडम’ नसलेली माहिती आहे. तुमच्या अभ्यासात स्त्रियांचा हा विभाग रिकामा आणि पुरुषांचा भरलेला असेल, तर दोन गटांत तुम्ही थोड्या वेगळ्या प्रश्नावल्या वापरल्या आहेत.

आता मावशींच्या फॉर्मकडे परत येऊ. मी नंतर घरी बसून विभागवार आकडे पाहिले. वेदना ३ वरून १. स्वतःची कामं, चालणं, बसणं, उभं राहणं, झोप, प्रवास, या प्रत्येकात एकेक गुण कमी. सामाजिक जीवन २ च्या २. आणि वजन उचलणं? ३ च्या ३. म्हणजे ज्या एका विभागात जमिनीचा उल्लेख आहे, तोच विभाग हलला नव्हता. फॉर्म मला खूण करून सांगत होता, मी बेरीज करून ती खूण पुसून टाकली होती. पहिला धडा हाच: बेरीज करायच्या आधी विभाग वाचा.

‘पण मराठी आवृत्ती व्हॅलिडेट झाली आहे ना?’

हो. २०१३ मध्ये ‘स्पाइन’ या नियतकालिकात जोशी, रायतुरकर आणि कुलकर्णी यांचा अभ्यास आला. ओस्वेस्ट्रीच्या २.१ए या आवृत्तीचं इंग्रजी आणि मराठी रूप भारतीय रुग्णांत किती विश्वासार्ह आणि वैध आहे, हा त्याचा विषय. हे काम झालं नसतं तर आपण प्रत्येक ओपीडीत तोंडी, मनाला येईल तसं भाषांतर करत बसलो असतो. त्यामुळे त्याचं मोल मोठं आहे. पण ‘व्हॅलिडेट झाली’ या दोन शब्दांत आपण बरंच काही कोंबतो, ते सुटं करून बघू.

अशा अभ्यासांत साधारणपणे तीन गोष्टी पाहतात. एक, प्रश्न एकमेकांशी जुळतात का, म्हणजे क्रॉनबॅकचा अल्फा. दोन, तब्येत बदललेली नसताना परत भरून घेतलं तर तेच उत्तर येतं का. तीन, वेदनेच्या किंवा दुसऱ्या एखाद्या मोजमापाशी अपेक्षेप्रमाणे संबंध दिसतो का. आता विचार करा. जमिनीवर बसण्याचा प्रश्न मुळातच नाही, अशी प्रश्नावली या तिन्ही परीक्षांत उत्तम गुणांनी पास होऊ शकते. जे प्रश्न आहेत ते एकमेकांशी छान जुळतील, दोनदा सारखेच येतील, वेदनेशी संबंधही दाखवतील. जो प्रश्न नाही त्याची गैरहजेरी कुठलाही अल्फा पकडत नाही.

ती पकडते कंटेंट व्हॅलिडिटी, म्हणजे आशयाची वैधता: जे मोजायचं आहे ते सगळं यात आलं आहे का, आणि ज्यांच्यावर वापरायचं त्यांना ते लागू आहे का. मोजमापांच्या मोजमापासाठी जी कॉस्मिन नावाची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक चौकट आहे, ती याच गुणाला सगळ्यात महत्त्वाचा मानते. आणि तो तपासायला सॉफ्टवेअर लागत नाही. रुग्णांसमोर बसून विचारावं लागतं, ‘कंबर दुखते तेव्हा तुमचं काय काय अडतं?’ ओस्वेस्ट्रीच्या मूळ मंडळींनी तेच केलं होतं. फक्त त्यांच्यासमोर श्रॉपशायरचे रुग्ण होते.

याचा उपचाराशी काय संबंध?

खूप. मुंबईत फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं ते १९५२ मध्ये केईएम रुग्णालयात, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने, आणि त्यामागचं मोठं कारण होतं पोलिओ. पोलिओच्या मुलाच्या मांडीचा स्नायू किती ताकदीचा आहे हे थेरपिस्ट आपल्या हाताने पाहत असे आणि ० ते ५ श्रेणी देत असे. गुण देणारा हात थेरपिस्टचा होता, आणि जे मोजायचं ते डोळ्यांसमोर होतं. आज ओपीडीतली रांग बहुतांशी कंबर, मान, गुडघ्याची असते. ओस्वेस्ट्रीतही प्रत्येक विभागाला ० ते ५ च आहे, पण आता अंक रुग्ण देतो, आणि आपण कोणता प्रश्न विचारला यावर तो अंक ठरतो. मोजमापाचं ओझं स्नायूवरून प्रश्नावर आलं, पण आपली सवय मात्र श्रेणी लिहून पुढे जाण्याचीच राहिली.

दुसरं म्हणजे, कंबरदुखीत फिजिओथेरपी काम कशी करते याबद्दलची समजच बदलली आहे. लक्षणं नसलेल्या ३,११० लोकांच्या प्रतिमा एकत्र पाहणाऱ्या २०१५ च्या आढाव्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांत चकतीची झीज दिसली, आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत. यातल्या कुणाचीही कंबर दुखत नव्हती. म्हणजे ‘गॅप’ किंवा ‘गादी सरकली’ हे शब्द ऐकून माणूस घाबरतो, वाकणं सोडतो, आणि न वापरलेली हालचाल आणखी अवघड होत जाते. चांगला व्यायाम इथे दोन गोष्टी करतो. स्नायू आणि सांध्यांची भार पेलायची क्षमता हळूहळू वाढवतो, आणि ‘वाकलो तरी काही मोडत नाही’ हा अनुभव देतो. पण हा अनुभव ज्या हालचालीत दिला तिथे जास्त पक्का होतो. खुर्चीवरून उठायचा सराव केला म्हणून जमिनीवरून उठायची भीती आपोआप जाईलच असं नाही.

यंत्रांचं काय? २०२३ च्या डिसेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत व्यायाम आणि माहिती-समुपदेशनाच्या बाजूने शिफारस आहे, तर ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंड, टेन्स आणि कमरेचे पट्टे नेहमीच्या उपचारात वापरू नयेत असं सुचवलं आहे. आपल्याकडे रुग्ण अजून ‘करंट लावून द्या’ म्हणूनच येतो, हा वेगळ्या लेखाचा विषय.

व्यायामाच्या बाजूचा सगळ्यात मोठा आढावा २०२१ चा कॉक्रेनचा, २४९ चाचण्यांचा. काहीच न करणं, नेहमीची काळजी किंवा प्लासिबो यांच्या तुलनेत व्यायामाने वेदना १०० पैकी साधारण १५ अंकांनी जास्त कमी झाली. कार्यक्षमतेतला फरक मात्र ७ च्या आसपास, म्हणजे त्यांनीच ठरवलेल्या १० च्या रेषेखाली. हे वाचून दोन अर्थ निघतात. एक, व्यायाम दुखणं कमी करतो पण जगणं तितकं सुधारत नाही. दोन, जगण्यातला जो भाग सुधारला किंवा अडला तो आपल्या प्रश्नावल्यांत पुरेसा नव्हताच. यातला दुसरा अर्थ मला आवडतो, पण आवडतो म्हणून तो सिद्ध होत नाही. या आढाव्यातून तो सिद्ध करता येणारही नाही. संशोधनाचा प्रश्न जन्मतो तो अशाच जागी.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप गाईड घेतील: ‘प्रत्येकाने आपापली प्रश्नावली केली तर तुलना कशी करणार?’ आक्षेप योग्य आहे. स्थानिक फॉर्मचा सुळसुळाट झाला तर मेटा-ॲनालिसिस करणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही. म्हणून ओस्वेस्ट्री टाकून देऊ नका. ती ठेवा, आणि तिच्या शेजारी तिच्यात नसलेलं ठेवा. पण दोन्हींपैकी प्रायमरी आऊटकम कोणता हे पहिला रुग्ण घ्यायच्या आधी लिहून ठेवा. नाहीतर जे हललं तेच ‘प्रमुख’ म्हणायचा मोह होतो, आणि तो मोह चुकीच्या प्रश्नावलीपेक्षा वाईट.

दुसरा आक्षेप मी स्वतःवरच घेते. ‘आपली माणसं जमिनीवर बसतात’ हे वाक्य ऐकायला छान वाटतं, पण ते कुणाबद्दल आहे? त्याच कांदिवलीत टॉवरमध्ये राहणारा, दिवसभर लॅपटॉपसमोर खुर्चीत असणारा, कमोड वापरणारा माणूसही आहे. त्याला ओस्वेस्ट्री बऱ्यापैकी लागू पडेल. म्हणजे खरी अडचण ‘भारतीय विरुद्ध इंग्रज’ अशी नाहीच. एकाच ओपीडीतल्या दोन माणसांना कंबरेचा त्रास सारखाच असताना प्रश्न वेगवेगळे लागू पडतात, ही अडचण आहे. याला ‘डिफरन्शियल आयटम फंक्शनिंग’ म्हणतात. घरकाम करणाऱ्या आणि ऑफिसात बसणाऱ्या रुग्णांत ओस्वेस्ट्रीचा बसण्याचा विभाग सारखाच वागतो का? पीएच.डी.साठी विषय शोधत असाल तर हा घ्या. महागडं यंत्र लागणार नाही, पण सॅम्पल मोठं लागेल आणि संख्याशास्त्रज्ञाशी मैत्री लागेल.

मग करायचं काय

तीन साध्या गोष्टी. पहिली, ‘पेशंट-स्पेसिफिक फंक्शनल स्केल’ वापरा. १९९५ मध्ये कॅनडात स्ट्रॅटफर्ड आणि सहकाऱ्यांनी मांडलेली ही पद्धत. रुग्ण स्वतः अडलेली तीन ते पाच कामं सांगतो आणि प्रत्येकाला ० ते १० गुण देतो, १० म्हणजे पूर्वीसारखं जमतं. मर्यादाही लक्षात ठेवा: एकाचे ४ आणि दुसऱ्याचे ४ हे एकच नव्हेत, त्यामुळे ती एकाच माणसातला बदल दाखवायला चांगली, माणसांची आपसांत तुलना करायला कच्ची.

दुसरी, एक हालचाल प्रत्यक्ष बघा. जमिनीवर बसून उठण्याची एक चाचणी ब्राझीलच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेली आहे. बसण्याचे ५ आणि उठण्याचे ५ गुण, हात-गुडघ्याचा आधार घेतला की प्रत्येक आधाराचा एक गुण वजा. ती कंबरदुखीसाठी बनलेली नाही, त्यामुळे आपल्या रुग्णांत तिची विश्वासार्हता आधी तपासावी लागेल. तेही एक छान छोटं संशोधन होईल.

तिसरी, निकालाच्या तक्त्यात ओस्वेस्ट्रीची फक्त बेरीज न देता विभागवार बदल द्या. एक जादा तक्ता, बस.

मावशींचं पुढे काय झालं? त्या दिवशी त्यांना विचारून लादी पुसण्याला गुण घेतले, १० पैकी ३. मग व्यायाम बदलले: आधी खुर्चीवरून उठणं, मग स्टूल, मग पाट, शेवटी भिंतीला हात लावून जमीन. चार आठवड्यांनी त्या पाटापर्यंत पोचल्या होत्या आणि लादीचे गुण ६ झाले होते. सुटलेल्या दोन घरांपैकी एका घरी दांड्याचा पोछा चालेल म्हणाले, दुसरं घर गेलं ते गेलंच. एका रुग्णावरून काही सिद्ध होत नाही आणि मी तसा दावाही करत नाही. फक्त सहा आठवड्यांपूर्वीच हा प्रश्न विचारला असता तर व्यायाम सहा आठवडे आधी बदलले असते.

पुढच्या वेळी सिनॉप्सिसमध्ये आऊटकम मेजरचं नाव लिहायच्या आधी तो फॉर्म एकदा स्वतः भरून बघा, आणि मग तुमच्या पहिल्या पाच रुग्णांना भरायला देऊन शेवटी विचारा, ‘यात तुमचं काय राहिलं?’ जे उत्तर येईल ते वहीत लिहून ठेवा. थिसिसचं दुसरं प्रकरण बऱ्याचदा तिथूनच सुरू होतं.